पेरिस्कोपला कॅमेरा लावायचा म्हणजे नक्की काय: दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांची फोटोग्राफी

भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेला असाल तर हे तुम्ही नक्की पाहिलं असेल. नाववाले मामा दुर्बीण हातात देतात, पक्षी छान मोठे दिसतात, मग कोणीतरी म्हणतं थांब फोटो काढते, आणि मोबाईलचा कॅमेरा दुर्बिणीच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या काचेला, लावते. स्क्रीनवर आधी नुसता काळोख येतो, मग कोपऱ्यात एक उजेडाचा गोळा येतो, तो मधे आणायला जावं तर दुसऱ्या बाजूने पळतो, त्यात नाव हलतेय, हात हलतोय, आणि शेवटी काहीतरी गुलाबी धुरकट मिळतं. मी स्वतः मागच्या थंडीत अर्धा तास हे केलंय आणि एक बरा फोटो मिळाल्यावर खरंच आनंद झाला होता.

आता हेच चित्र डोळ्यासमोर ठेवा आणि दुर्बिणीच्या जागी चाळीस फूट लांब नळी घ्या, नावेच्या जागी समुद्राखाली साधारण साठ फूट खोल असलेली पाणबुडी घ्या, आणि फ्लेमिंगोच्या जागी किनाऱ्यावरच्या तोफा. आणि हो, त्या तोफांमागच्या माणसांना नळीचं टोक दिसलं तर ते गोळा घालणार. दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीतून फोटो काढणाऱ्यांची अडचण मुळात तुमच्या-माझ्या भिगवणच्या अडचणीसारखीच होती, आणि तेच समजलं की काही विशिष्ट कॅमेऱ्यांना एवढं महत्त्व का आलं हे आपोआप कळतं. म्हणून आधी नळी समजून घेऊ, कॅमेऱ्याकडे नंतर येऊ.

पेरिस्कोप म्हणजे दोन आरसे लावलेला डबा असं आपल्याला शाळेत शिकवतात, पुठ्ठ्याचा करून पण आणायला लावतात. दोन फुटांपर्यंत ते ठीक आहे. पण चाळीस फूट लांब आणि मनगटाएवढ्या जाडीच्या टोकाची नळी असेल तर नुसत्या आरशांनी भागत नाही, तळाशी दिसणारं चित्र सुईच्या भोकाएवढं होईल. म्हणून आत भिंगांची रांगच असते, एक भिंग चित्र पकडतं आणि पुढच्याकडे देतं, ते त्याच्या पुढच्याकडे, बांधकामावर घमेली हातोहात पुढे जातात ना अगदी तसं. अमेरिकन पाणबुड्यांच्या नेहमीच्या पेरिस्कोपमधे दोन सेटिंग असायची, एक दीडपट मोठं दाखवणारं, ज्यात ३२ अंशाचा पट्टा दिसतो, आणि दुसरं सहापट मोठं दाखवणारं, ज्यात फक्त ८ अंश दिसतात. मूठ फिरवली की बदलायचं.

पण घमेलं हातोहात जाताना थोडी थोडी वाळू सांडते तसा इथे उजेड सांडतो. काचेवर कुठलाही लेप नसेल तर उजेड काचेत शिरताना साधारण ४ टक्के परत फिरतो आणि बाहेर पडताना पुन्हा ४ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण समजा नळीत वरपासून खालपर्यंत असे ३० पृष्ठभाग आहेत, तर प्रत्येक ठिकाणी ९६ टक्केच पुढे जात जात शेवटी ३० टक्क्यांपेक्षाही कमी उजेड उरतो. आज चष्म्याच्या दुकानात अँटिग्लेअर हवाय का विचारतात तो लेप याच कामाचा. त्याची सुरुवात १९३५ च्या सुमारास जर्मनीत झाइस या भिंगांच्या कंपनीत झाली, अमेरिकेतही त्याच दशकात वेगळ्या वाटेने तो तयार झाला आणि युद्धकाळात लष्करी भिंगांवर चढायला लागला. त्याआधीच्या पेरिस्कोपमधून बघणं म्हणजे भर दुपारी गॉगल लावून बघण्यासारखं.

बरं, हे झालं उजेड कमी होण्याचं. खरी गोची पुढे आहे आणि इथे जरा लक्ष द्या, कारण हे समजलं की बाकी सगळं सोपं आहे.

घरात दुर्बीण असेल तर हातभर लांब धरा आणि खिडकीकडे तोंड करा. आयपीसच्या मधोमध एक छोटी पांढरी गोल टिकली दिसेल. दुर्बिणीच्या पुढच्या मोठ्या भिंगातून जेवढा म्हणून उजेड आत आला तो सगळा या टिकलीतून बाहेर पडतो. दुर्बिणीवर १० x ५० लिहिलंय, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं, तर ५० भागिले १०, टिकली ५ मिलिमीटरची. आणि डोकं थोडं इकडे तिकडे हलवून बघा, ती टिकली काचेवर चिकटलेली नसून काचेच्या जराशी अलीकडे, हवेत तरंगल्यासारखी आहे हे जाणवेल. आपण डोळा लावतो तेव्हा नकळत डोळ्याची बाहुली बरोबर त्या जागी नेतो. जागा चुकली की काळोख. मोबाईलचा उजेडाचा गोळा पळत होता तो याच कारणाने, त्याचं भिंग टिकलीवर बसत नव्हतं.

पेरिस्कोपलाही अशीच टिकली असते. हिशेबापुरती ती ४ मिलिमीटरची धरू. आता तुमच्या हातातला कॅमेरा कितीही भारी असू दे, भिंग कितीही मोठं असू दे, उजेड ४ मिलिमीटरच्या टिकलीतूनच येणार आहे. फोटोग्राफीवाले भिंगाची ताकद एफ नंबरने मोजतात, भिंगाची फोकल लेंग्थ (भिंगापासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर) भागिले छिद्राचा व्यास. १०५ मिलिमीटरचं एफ ३.५ चं भिंग म्हणजे ३० मिलिमीटरचं छिद्र, त्या काळी उत्तम. पण पेरिस्कोपच्या मागे तेच भिंग लावलं की छिद्र झालं ४ मिलिमीटर, म्हणजे १०५ भागिले ४, एफ २६. उजेड पन्नास पटीपेक्षा जास्त कमी! तेव्हाची वेगवान म्हणून विकली जाणारी फिल्मही आजच्या भाषेत १०० आयएसओच्या आसपासची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेड किती पटकन पकडते त्याचं माप). सगळं गणित जुळवलं, नळीत सांडलेला उजेडही धरला, तर अगदी टळटळीत उन्हातसुद्धा शटर सेकंदाचा दहावा भाग उघडं ठेवावं लागतं. संध्याकाळी तर विचारूच नका.

आणि सेकंदाचा दहावा भाग म्हणजे थोडा वेळ नाही. सहापट मोठं दाखवणारी नळी आणि मागे १०५ चं भिंग, म्हणजे एकूण परिणाम ६३० मिलिमीटरच्या टेलिफोटोसारखा. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या कोणालाही विचारा, ६०० ची लेन्स हातात धरून एवढ्या हळू शटरवर फोटो काढशील का. तो हसेल. इथे तर पाण्यातून चाललेली नळी स्वतःच थरथरतेय.

एवढं सगळं सोसून फोटो काढायचेच कशाला? पहिलं कारण पुरावा. पाणबुडी टॉर्पेडो सोडते, स्फोट ऐकू येतो, मग लगेच खोल जावं लागतं कारण वरून डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, येतात. जहाज बुडालं की नुसतं जखमी झालं, आणि मुळात कुठलं जहाज होतं, हे घाईत पाहिलेल्या माणसाच्या शब्दावरच राहायचं. युद्ध चालू असताना अमेरिकन पाणबुड्यांच्या कप्तानांनी चार हजारांच्या आसपास जहाजं बुडवल्याचं सांगितलं होतं, आणि युद्धानंतर लष्कर-नौदलाच्या संयुक्त समितीने जपानी कागदपत्रांशी ताडून पाहिलं तेव्हा आकडा निघाला १,३१४. माणसं खोटं बोलत होती असं नाही, त्या नळीतून त्या अवस्थेत तेवढंच कळत होतं. फोटो असला तर नंतर टेबलावर शांतपणे बसून भिंगाखाली बघता येतं.

असा एक फोटो तुम्ही बहुतेक पाहिलाही असेल, कारण तो फार ठिकाणी छापला गेलाय. २५ जून १९४२, नॉटिलस या अमेरिकन पाणबुडीने जपानी विनाशिका यामाकाझे हिला योकोसुकापासून फार लांब नसलेल्या समुद्रात टॉर्पेडो मारला आणि पेरिस्कोपमधून फोटो काढले. विनाशिका मागच्या बाजूने पाण्यात चाललीय. तोफेच्या बुरुजाच्या माथ्यावर उगवत्या सूर्याचं चिन्ह रंगवलंय, आपल्याच विमानांनी ओळखावं म्हणून. आणि नीट बघितलं तर उजवीकडे पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं जहाज जिथून हाकतात त्या ब्रिजच्या बाजूला चढताना दिसतात. त्या जहाजावरचं कोणीही वाचलं नाही. मी हा फोटो पहिल्यांदा मोठा करून पाहिला तेव्हा त्या दोघांवरून नजर हटत नव्हती, आणि मग जाणवलं की पाणबुडीतल्या माणसालाही फिल्म धुतल्यावरच ती दोघं नीट दिसली असणार. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या मूळ ओळीत हा फोटो "वाहू किंवा नॉटिलस" च्या पेरिस्कोपमधून असं लिहिलंय. पण वाहू या दुसऱ्या अमेरिकन पाणबुडीची पहिली गस्तच ऑगस्ट १९४२ ची, त्यामुळे जूनचा फोटो तिचा असूच शकत नाही. फोटो हा पुरावा असला तरी त्याच्या मागे कोणी काय लिहून ठेवलं ते वेगळं तपासावं लागतं.

वाहूची स्वतःची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण त्यात कॅमेरा उलट्या कामाला लावलाय. जानेवारी १९४३, कप्तान डडली मॉर्टन. हुकूम आला की न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावरचं वेवाक बंदर बघून या. अडचण एवढीच की वेवाकचा कामाचा नकाशाच बोटीवर नव्हता. इंजिनवाल्या एका खलाशाने ऑस्ट्रेलियात शाळेच्या मुलांचा स्वस्तातला अ‍ॅटलास घेतला होता, त्यात वेवाक सापडलं, पण नखाएवढं. मग त्यांनी पातळ कागदावर तो भाग गिरवला, बोटीवरचा कॅमेरा आणि सिग्नलचा दिवा जोडून घरगुती एन्लार्जर, म्हणजे चित्र मोठं करून पाडायचं यंत्र, केला, आणि ते चित्र मोठ्या कागदावर पाडून नकाशा तयार केला. कॅमेरा उलटा वापरला की तो प्रोजेक्टर होतो, एवढी साधी युक्ती. त्या शाळकरी नकाशावर विसंबून २४ जानेवारीला वाहू बंदराच्या आत शिरली, तिथे हारुसामे ही विनाशिका अंगावर चालून आली, तिच्यावर समोरासमोर टॉर्पेडो मारला, आणि मग पेरिस्कोपमधून फोटो काढला ज्यात ती विनाशिका मधोमध मोडलेली दिसते. हारुसामे बुडाली नाही, जपान्यांनी ती किनाऱ्याला लावून दुरुस्त केली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पुराव्याचे फोटो म्हणजे एक-दोन मिळाले तरी बास. पण १९४३ मधे काम बदललं. अमेरिकेला प्रशांत महासागरातली एकेक बेटं जपानकडून घ्यायची होती आणि पहिलं मोठं लक्ष्य होतं गिल्बर्ट बेटांमधलं तारावा. विमानातून काढलेले फोटो होते, पण ते वरून. किनाऱ्यावर उतरणाऱ्या होडीचा सुकाणूवाला काही घारीसारखा वरून बघत नाही, त्याला पाण्याच्या पातळीवरून जे दिसतं त्यावरून ठरवायचं असतं की धक्का कुठला, झाडांची फट कुठली, आपला किनारा तो हाच ना. रत्नागिरी-मालवणकडच्या कुठल्याही मच्छीमाराला हे वेगळं सांगायला नको, तो समुद्रातून परत येताना देवळाचा कळस आणि डोंगराची सोंड एका रेषेत धरूनच घरचा किनारा ओळखतो. मग पाण्याच्या पातळीवरून, शत्रूला न कळता, अख्ख्या किनाऱ्याचे सलग फोटो कोण काढणार? पाणबुडी.

हे काम नॉटिलसला मिळालं. ही १९३० मधे नौदलात आलेली, ३७१ फूट लांबीची, त्या मानाने जुनी आणि अवजड बोट. कप्तान विल्यम अर्विन, आणि फोटोंचं काम अंगावर घेतलं दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी लेफ्टनंट कमांडर लिंच यांनी. सप्टेंबर १९४३ च्या मध्यावर बोट पर्ल हार्बरहून निघाली. नेव्हीने तीन कॅमेरे दिले होते आणि समुद्रात गेल्यावर लक्षात आलं की तिन्ही या कामाला पुरे पडत नाहीत.

का नसतील पडत? इथे आपल्याच घरातले जुने अल्बम आठवा. सत्तर-ऐंशीच्या दशकात साध्या क्लिक कॅमेऱ्याने काढलेल्या लग्नातल्या, मुंजीतल्या फोटोंमधे एखाद्या काकांचं डोकं अर्धं कापलेलं असतंच. काढणाऱ्याची चूक नसायची. त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारं भिंग वेगळं, दोघांमधे थोडं अंतर. खिडकीतून काका पूर्ण दिसतात, भिंगाला मात्र ते थोडे खाली-वर दिसतात. त्या वेळचा अमेरिकन नेव्हीचा नावाजलेला कॅमेरा म्हणजे कोडॅक मेडलिस्ट. मजबूत, भिंग अप्रतिम, पण रचना हीच, खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. डेकवर उभं राहून फोटो काढायला उत्तम. पण पेरिस्कोपच्या आयपीसला भिंग लावल्यावर बघायच्या खिडकीतून काय दिसणार? पेरिस्कोपचा पत्रा! भिंग टिकलीवर बसलंय की नाही, किनारा फ्रेममधे आहे की नुसता समुद्र आलाय, फोकस लागलाय की नाही, काहीच कळायला मार्ग नाही. अंदाजे शटर दाबायचं आणि फिल्म धुवेपर्यंत वाट बघायची.

यावर इलाज म्हणजे असा कॅमेरा ज्यात बघणं आणि फोटो घेणं एकाच भिंगातून होतं. आत तिरका आरसा असतो, तो भिंगातून आलेलं चित्र वर दुधी काचेवर फेकतो, तुम्ही वरून खाली बघता, बटण दाबलं की आरसा बाजूला होतो आणि तेच चित्र फिल्मवर पडतं. सिंगल लेन्स रिफ्लेक्स, आपण एसएलआर म्हणतो ते. आज सगळ्यांना माहितीय पण १९४३ मधे मोठ्या फिल्मवरचा असा सुटसुटीत कॅमेरा मिळणं अवघड होतं. आणि लिंच यांच्याकडे नेमका एक होता, स्वतःचा, हौसेने बाळगलेला. प्रिमारफ्लेक्स.

हा कॅमेरा जर्मनीतल्या गोर्लिट्झ गावच्या बेन्त्सिन या कंपनीचा, १९३० च्या दशकातला. दिसायला चौकोनी डबा, वर उघडणारं झाकण, १२० ची फिल्म, एका रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे बारा फोटो. भिंग बदलता येणारं, बहुतेकदा झाइसचं टेसार, साडेदहा सेंटिमीटर, एफ ३.५. हॅसलब्लाडचा प्रसिद्ध चौकोनी कॅमेरा १९४८ मधे बाजारात आला, त्याच्या आधी त्याच घाटाचा हा गडी होता. पेरिस्कोपसाठी यापेक्षा सोयीचं काय असणार, भिंग आयपीसला टेकवायचं आणि मान खाली घालून दुधी काचेवर बघायचं, उजेडाचा गोळा पूर्ण भरला की टिकलीवर बसलो हे डोळ्याने दिसतं. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. भिंगाचा दर्जा दुय्यम होता, कारण छिद्र शेवटी ४ मिलिमीटरचंच. काय येतंय ते शटर दाबायच्या आधी दिसणं, बास, एवढ्यासाठी एका अधिकाऱ्याचा हौशी कॅमेरा सरकारी कॅमेऱ्यांपेक्षा कामाचा ठरला.

प्रत्यक्ष फोटो कसा निघत असेल ते जरा जवळून बघू. बोट अगदी संथ चाललीय, कारण वेग वाढला तर नळी थरथरते आणि मागे पाण्याची पांढरी रेघ उठते जी किनाऱ्यावरून दिसते. पेरिस्कोप वर. आयपीसला कॅमेरा घट्ट धरून ठेवणारा ब्रॅकेट बसवलेला. वरच्या काचेवरून पाणी निथळायला क्षणभर थांबायचं, खारा थेंब राहिला तर फोटोवर डाग. लाट येते आणि सगळं हिरवं होऊन जातं, पुन्हा थांबायचं. मग क्लिक, फिल्म पुढे, नळी थोडी फिरवायची, पुन्हा क्लिक, आणि अशा रीतीने की प्रत्येक फोटोचा बराचसा भाग आधीच्या फोटोत आलेला असेल, म्हणजे नंतर शेजारी शेजारी जोडून सलग पट्टा करता येतो. मोबाईलचा पॅनोरमा आतल्या आत हेच करतो. आकडा काढून बघा. सहापटीच्या सेटिंगला प्रिमारफ्लेक्सच्या चौकोनात जेमतेम ५ अंश मावतात. तारावाचं मुख्य बेट बेतिओ तीनेक किलोमीटर लांब, तीन किलोमीटरवरून बघितलं तर ते पन्नास अंशांपेक्षा जास्त पसरतं. नुसते एकाला एक चिकटवायचे तरी अकरा फोटो, आणि निम्मा भाग सामाईक ठेवायचा तर वीसच्या वर. म्हणजे बेटाची एक बाजू एकदा टिपायला दोन रोल, आणि प्रत्येक रोल बदलताना कॅमेरा काढा, अंधारात भरा, पुन्हा लावा. वर प्रत्येक फोटोला बोटीची जागा, दिशा, वेळ लिहून ठेवायची, नाहीतर ते नुसते नारळाच्या झाडांचे फोटो.

आणि फिल्म तिथेच धुवायची. घरी येऊन धुतली आणि काही आलंच नाही तर परत कोण जाणार? पाणबुडीत गोडं पाणी मोजून मापून, हवा कोंदट, गरमी. ज्यांनी बाथरूमला काळा कागद लावून घरी फिल्म धुतलीय त्यांना माहितीय, पाणी कोमट झालं की फिल्मवरचा थर मऊ पडतो आणि नख लागलं तरी ओरखडा. अशा जागेत त्यांनी डार्करूम चालवली.

नॉटिलस ऑक्टोबरच्या मध्यावर परत आली ती किनाऱ्यांच्या सलग पट्ट्या आणि जुन्या नकाशांमधल्या चुकांच्या दुरुस्त्या घेऊन. या फोटोंचं महत्त्व पटल्यावर नौदलाने हाच कॅमेरा आणखी मिळवायचं ठरवलं. पण आणणार कुठून? कंपनी जर्मनीत, जर्मनीशी युद्ध चालू. मग फोटोग्राफीच्या मासिकांमधे गुपचूप जाहिराती दिल्या, सेकंडहँड प्रिमारफ्लेक्स विकत घ्यायचे आहेत म्हणून, आणि असे दहा कॅमेरे मिळाले. अख्ख्या नौदलासाठी दहा! जपानच्या मित्रदेशात बनलेला कॅमेरा, अमेरिकेतल्या कोणा हौशी माणसाच्या कपाटातून निघून, जपानी बेटांसमोर पाण्याखाली गेला.

अमेरिकेवर ही वेळ पहिल्यांदा आली नव्हती. पहिल्या महायुद्धाआधी चांगली ऑप्टिकल काच मुख्यतः जर्मनीतून यायची, युद्ध सुरू झाल्यावर ती बंद, आणि नौदलाकडे दुर्बिणी कमी. तेव्हा फ्रँकलिन रूझवेल्ट नौदल खात्यात सहायक सचिव होते, त्यांच्या नावाने लोकांना आवाहन केलं गेलं की घरातल्या दुर्बिणी द्या, नौदलाचे डोळे व्हा. फुकट घेणं कायद्यात बसत नव्हतं म्हणून प्रत्येकी एक डॉलर दिला, आणि युद्धानंतर शक्य तेवढ्या परत केल्या. काच बनवणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे देशाला कधी कधी असं कळतं.

तारावाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २० नोव्हेंबर १९४३ ला सैनिक उतरायला लागले आणि होड्या किनाऱ्यापासून पाचशे-सातशे यार्डांवर प्रवाळाच्या खडकावर अडकल्या. होडीला चार फूट पाणी हवं, खडकावर तीनच फूट. कोकणात ज्याला भांगाचं पाणी म्हणतात तेच. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा जोर मोडलेला असतो, भरतीचं पाणी फारसं चढत नाही, त्यात त्या दिवशी चंद्रही पृथ्वीपासून लांब होता, त्यामुळे पाणी आणखीच सुस्त. त्या बेटांवर वर्षानुवर्षं राहिलेले मेजर हॉलंड यांनी याचा इशारा आधी दिला होता. खडकावरून चढून जाणारी पट्ट्यांची वाहनं सव्वाशेच्या आसपास होती, बाकीच्यांना कमरेएवढ्या पाण्यातून बंदुकीच्या माऱ्यात चालत जावं लागलं. तीन-चार दिवसांत अमेरिकेची हजाराच्या आसपास माणसं गेली, जपानी बाजूची साडेचार हजारांच्या वर. नॉटिलसच्या फोटोंमधे किनारा होता, झाडं होती, धक्का होता. पण फोटो पाण्याची खोली सांगत नाही, आणि भांगाचं पाणी कधी हे तर मुळीच नाही. त्याला तिथला माणूसच लागतो, आणि तो असूनही त्याचं ऐकलं गेलं नाही याचं मला आजही वाचताना वाईट वाटतं.

नॉटिलस स्वतः त्याच मोहिमेत होती, जवळच्या आबेमामा बेटावर उतरवायचे सैनिक तिच्या पोटात होते, आणि १९ तारखेच्या रात्री आपल्याच रिंगगोल्ड या विनाशिकेने तिला शत्रू समजून गोळा मारला. तो बरोबर बुरुजाच्या बुडाशी लागला आणि फुटला नाही, म्हणून बोट वाचली.

त्यानंतर प्रत्येक मोठ्या उतरणीआधी पाणबुडीतून फोटो काढणं हा नियमच झाला. मार्शल बेटं, मारियाना, नोव्हेंबर १९४४ मधे स्पिअरफिशने इवो जिमा. प्रत्येक बोट परत आलीच असं नाही. स्वोर्डफिश, म्हणजे डिसेंबर १९४१ मधे जपानी जहाज बुडवणारी पहिली अमेरिकन पाणबुडी, २२ डिसेंबर १९४४ ला पर्ल हार्बरहून ओकिनावाचे फोटो काढायला निघाली. ३ जानेवारी १९४५ नंतर तिच्याकडून काही ऐकू आलं नाही.

आता जर्मन बाजू, कारण दुर्मिळ लष्करी कॅमेरा म्हटलं की लोक आधी तिकडेच धावतात. जर्मन नौदलाकडेही लायका हे जर्मन बनावटीचे कॅमेरे होते, त्यातल्या काहींवर गरुडाचा छाप आणि एम अक्षर कोरलेलं असतं, आणि खऱ्या नगाला आज जबरदस्त किंमत येते. म्हणूनच ऑनलाइन लिलावात "क्रीग्समरीन" (तेव्हाच्या जर्मन नौदलाचं नाव) असं ठसठशीत कोरलेले, गरुड-स्वस्तिक मिरवणारे, कधी सोनेरी तर कधी लाकडी पट्टी लावलेले लायका ढिगाने दिसतात. त्यातले बहुतेक मुळात सोव्हिएत कॅमेरे आहेत, खार्कीव्हचा फेड किंवा युद्धानंतरचा झोर्की, जे लायकाची नक्कल म्हणूनच बनले होते. नंतर कोणीतरी वरची अक्षरं घासून जर्मन नाव कोरलं आणि पाणबुडीची गोष्ट जोडली. कोणी दाखवायला आणला तर भिंग फिरवून काढायला सांगा आणि आत वरच्या बाजूला बघा. फोकसच्या यंत्रणेचा एक छोटा दांडा भिंगाला टेकतो, खऱ्या लायकात त्याच्या टोकाला फिरणारं गोल चाक असतं, सोव्हिएत कॅमेऱ्यात बहुतेकदा पाचरीसारखं चपटं टोक.

प्रिमारफ्लेक्सचं उलट आहे. तो नागरी कॅमेरा म्हणूनच बनला होता, त्यावर कुठलं चिन्ह नाही, आणि आजही जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात तो अधूनमधून दिसतो. बहुतेकांचं कापडी शटर भोकं पडून उजेड आत सोडतं. तेवढं बदललं की १२० चा रोल भरायचा, झाकण उघडायचं, मान खाली घालून दुधी काचेवर बघायचं. पुढे दुर्बीण धरून टिकली जुळवायची असेल तर तेही करता येतं, पुढच्या थंडीत भिगवणला मी तेच करून बघणार आहे.